घराचा प्रहर आणि भिंतीवरचं चित्र
(प्रस्तावना)

घरासाठी चित्र घ्यायचं म्हटलं की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास निघतात. सोफ्याला मॅच होईल का? आणि केवढ्याला पडलं? हे चित्र आपण रोज किती वाजता, कसल्या उजेडात आणि कोणत्या मनःस्थितीत बघणार, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी काढत नाही. हे पुस्तक त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे, आणि तो वसईत सुचावा यात नवल नाही.

वसई-विरारच्या घरांचं वेळापत्रक पश्चिम रेल्वेने ठरवलेलं आहे. सकाळची लोकल पकडून चर्चगेटच्या दिशेने गेलेला माणूस रात्री आठ-नऊला दार उघडतो. आठवड्याचे पाच-सहा दिवस त्याला आपली बैठकीची खोली फक्त ट्यूबलाइटमध्ये दिसते. रविवार सोडला तर त्या भिंतीवर ऊन कसं पडतं, हे त्याला ठाऊकही नसतं. त्याच घरात दिवसभर असणाऱ्या आजीला मात्र तीच भिंत सकाळी हिरवट, दुपारी भगभगीत आणि संध्याकाळी पिवळसर दिसते. भिंत एक, पण तिचे प्रहर वेगळे आणि बघणारे वेगळे. चित्र निवडताना आपण भिंतीचा रंग बघतो, घराचा प्रहर बघत नाही. या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते एवढंच आहे. पण तिथवर पोहोचण्याआधी या विषयाचा पैस केवढा आहे, हे नव्या वाचकाला दाखवणं भाग आहे. रंग, भाव आणि घर यांची सांगड घालण्याचा उद्योग फार जुना आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग नेमून दिला आहे. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण पारव्यासारखा करडा, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, अद्भुत पिवळा आणि बीभत्स निळा. हा शेवटचा रंग लक्षात ठेवावा. आजचा कुठलाही सजावटकार निळा रंग शांतीचा म्हणून बेडरूमसाठी सुचवेल. भरताने तो किळसेला दिला आहे. रंग आणि भावना यांचं नातं सगळीकडे, सर्वकाळ एकच असतं, हा समज इथेच डळमळतो.

घरातल्या चित्रांविषयी थेट बोलणारा ग्रंथ म्हणजे विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातलं चित्रसूत्र. राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत या रसांचीच चित्रं असावीत. युद्ध, मृत्यू, स्मशान असे विषय घरात रंगवू नयेत. राजसभेत आणि देवळात मात्र सगळे रस चालतील, असं त्यात सांगितलं आहे. वरवर हा विधिनिषेध वाटतो. पण त्यामागे एक व्यवहारी निरीक्षण आहे. देवळात माणूस जातो आणि परततो, घरातलं चित्र मात्र रोज भेटतं. जे क्षणभर हलवून टाकतं, ते रोज सोबतीला हवंच असं नाही.

प्रहराची गोष्टही आपल्याला परकी नाही. हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते, आणि त्या रागांची चित्रं काढण्याची एक मोठी परंपरा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर दख्खनमध्ये, बहुधा अहमदनगरच्या निजामशाहीच्या छायेत, रागमालेची अतिशय देखणी चित्रं झाली. एखादी रागिणी कुठल्या ऋतूची, कुठल्या वेळेची, तिचा भाव कोणता, हे चित्रकार पार्श्वभूमीच्या रंगावरून सांगत. भावाला घड्याळ असतं, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

ही झाली ग्रंथांतली आणि दरबारातली परंपरा. पण उजेड ओळखून चित्र काढण्याचा सर्वांत पक्का धडा आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागांतल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवासिणी भिंतीवर चौक लिहितात. मध्ये पालघाट देवी, भोवती चौकटीची नक्षी, बाहेर झाडं, माणसं, तारपा. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. कुंचला म्हणजे टोकाला ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. पृष्ठभाग म्हणजे कुडाच्या भिंतीवर माती-शेणाचा लेप आणि त्यावर गेरू.

हे चित्र पुस्तकात पाहताना एक गोष्ट निसटते. जुन्या वारली घरात खिडक्या जवळजवळ नसत. दारातून येईल तेवढाच उजेड. अशा खोलीत निळा, हिरवा, जांभळा असे दहा रंग वापरले असते, तर ते सगळे मिळून काळपट दिसले असते. गेरूवरचा पांढरा मात्र दिसतोच, कारण त्याचा जोर रंगावर नसून उजळ-गडद या फरकावर आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभा केलेला माणूस काड्यांच्या चार रेघांनी नाचू लागतो, आणि तो अर्ध्या अंधारातही नाचताना दिसतो. भास्कर कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात वारल्यांच्या हाती कागद दिला, गंजाडच्या जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी तो आपलासा केला आणि लग्नाच्या भिंतीवरचं चित्र गॅलरीत पोहोचलं. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज वारली नक्षी पडद्यावर, कपावर, लिफ्टच्या दारावरही दिसते. तिचा उजेडाचा हिशेब मात्र फार थोड्यांनी उचलला.

वसईतल्या ख्रिस्ती घरांतही असाच एक हिशेब आहे. निर्मळ, भुईगाव, गिरीज, नंदाखाल, आगाशी या गावांतल्या घरांत अल्तारावर येशूच्या पवित्र हृदयाचं किंवा मारियामातेचं चित्र असतं. ते खरं बघितलं जातं संध्याकाळी, रोझरीच्या वेळी, मेणबत्तीच्या नाहीतर झिरोच्या बल्बच्या उजेडात. म्हणून त्या चित्रांतली सोनेरी प्रभा, तांबडा झगा आणि गडद पार्श्वभूमी दिवसा कुणाला भडक वाटली, तरी संध्याकाळी ती बरोबर बसते. या चित्रांचं वळण युरोपातून आलं. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज होते. पण ख्रिस्ती विषय भारतीय रंगात बसतो, हे दाखवणारा चित्रकारही आपल्या शेजारचाच. गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले, पुण्यात राहिले, आणि त्यांनी साडीतली मारिया मातकट, निवलेल्या रंगांत रंगवली. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. आज मात्र अल्तारासाठी वेगळं काही शोधणाऱ्या वसईकराने पहिल्यांदा पाहावं असं काम त्यांचंच.

हिंदू मध्यमवर्गीय घरांत छापील चित्र आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा सुरू झाली आणि रामपंचायतनासारखी शिळाछापाची रंगीत चित्रं घरोघर गेली. १८९४ साली राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने मुंबईत काम सुरू केलं. त्याची लक्ष्मी आणि सरस्वती इतकी रुजली, की पुढच्या पिढ्यांना देवी तशाच दिसू लागल्या. त्याआधी देवाचं रंगीत चित्र ही श्रीमंतांची गोष्ट होती. आता चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीलाही स्वतःची रंगसंगती मिळाली.

याच काळापासून चालत आलेला श्रावणातला जिवतीचा कागद हा तर हंगामी चित्राचा उत्तम नमुना आहे. वर नरसिंह आणि कालियामर्दन, मध्ये लेकरं खेळवणाऱ्या जिवत्या, खाली बुध-बृहस्पती. महिनाभर तो भिंतीवर असतो, मग उतरतो. भिंतीवरचं चित्र बदलायचं असतं, ही सवय आपल्याला होती. फ्रेम आणि खिळा आल्यावर ती मोडली. एकदा टांगलेलं चित्र घराला पुन्हा रंग काढेपर्यंत हलत नाही.

विसाव्या शतकात रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांनी दिनदर्शिका आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांतून मराठी घराची नजर घडवली. मुळगावकरांच्या देवतांची गुळगुळीत, तेजस्वी कांती आणि दलालांच्या स्त्रियांचे मोकळे, सपाट, धीट रंग, ही दोन टोकं होती. वर्ष संपल्यावर कॅलेंडरचं चित्र कापून फ्रेम करणाऱ्या घरांनी आपली निवड कुणाला न विचारता केली होती. ‘कॅलेंडर आर्ट’ असं नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये, की भावानुसार चित्र निवडण्याचं शिक्षण सर्वाधिक लोकांना या कॅलेंडरांनीच दिलं.

दुसरीकडे १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टने वास्तवदर्शी चित्रणाची घराणी घडवली. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर त्यातलेच. त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्याच्या प्रतिकृती असंख्य घरांत. मॉडेल त्यांची मुलगी. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. ज्योतीचा उजेड बोटांच्या कडांतून तांबूस होऊन झिरपतो, हनुवटीपर्यंत पिवळा पोहोचतो आणि साडीच्या घड्यांत निळसर होऊन विरतो. या चित्राची प्रत पांढऱ्याफेक ट्यूबखाली लावली, तर त्यातला दिवाच विझतो. तीच प्रत पिवळसर उजेडाच्या कोपऱ्यात नेली की चित्र जागं होतं. चित्र तेच, प्रत तीच. फक्त दिवा बदलला.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. यांच्यामुळे रंग विषयापासून मोकळा झाला. आकाश निळंच, झाड हिरवंच ही सक्ती गेली. घरापुरतं बोलायचं तर या मंडळींत मोठा फरक आहे. आरांची फुलं कुठल्याही जेवणाच्या टेबलाशेजारी सुखाने नांदतील. सूझांची वेडीवाकडी, डोळे वटारलेली डोकी चित्रसूत्राच्या कर्त्याने नक्कीच राजसभेत पाठवली असती. चित्रकार गायतोंडे यांचं काम आणखी वेगळं. एकाच रंगाचे थर, रोलर फिरवून, खरवडून, पुन्हा चढवून केलेले. ते येता-जाता दिसत नाही, त्याच्यासमोर बसावं लागतं. ज्या घरात संध्याकाळी बसायला अर्धा तास मिळतो, तिथे असं चित्र बोलतं. दाराजवळ, चपला काढण्याच्या जागी ते वाया जातं. अशी मूळ चित्रं आपल्या आवाक्यातली नाहीत हे उघड आहे. पण त्यांनी शिकवलेला फरक, म्हणजे पटकन दिसणारं चित्र आणि सावकाश दिसणारं चित्र, हा पाचशे रुपयांच्या प्रिंटलाही लागू पडतो.

आज बाजारात मात्र दोनच विचारसरणींचा गलबला आहे. एक सजावटकारांची. उशीचा अभ्रा मोरपंखी, म्हणून चित्रातही मोरपंखी. याने खोली नीटनेटकी दिसते, पण चित्र अभ्र्याचा धाकटा भाऊ होतं आणि सहा महिन्यांत दिसेनासं होतं. दुसरी वास्तूवाल्यांची. या दिशेला सात घोडे, त्या दिशेला धबधबा, बेडरूममध्ये पाणी नको. त्यातल्या दिशांच्या फळांविषयी या पुस्तकाला काही म्हणायचं नाही. एवढंच, की दिशा मोजणारा निदान खिडकी कुठे आहे हे तरी बघतो. पूर्वेची भिंत आणि पश्चिमेची भिंत यांवर एकच चित्र वेगळं दिसतं, हे त्याला नकळत मान्य असतं.

शास्त्र काय म्हणतं? १८३९ साली फ्रान्सच्या शेव्हरल यांनी रंगांच्या परस्पर परिणामांवर पुस्तक लिहिलं. ते रसायनशास्त्रज्ञ, पॅरिसच्या गोब्लँ या गालिचा-कारखान्यात रंगकामाचे प्रमुख. काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज भासत होता. आपल्या घरात हेच रोज घडतं. पीच रंगाच्या भिंतीवर निळं चित्र जास्तच निळं दिसतं आणि भिंत आणखी नारिंगी. फ्रेमवाला जो पांढरा किंवा ऑफव्हाइट माउंट सुचवतो, तो केवळ शोभेचा नसतो. चित्र आणि भिंत यांची ही झोंबाझोंबी तो थांबवतो.

पुढे अमेरिकेच्या अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगाचे तीन गुण वेगळे मांडले: जात, उजळपणा आणि तीव्रता. ‘निळा शांत, तांबडा भडक’ असं आपण जातीवरून म्हणतो. पण रंगाचा मनावर होणारा परिणाम तपासणाऱ्या संशोधकांना उजळपणा आणि तीव्रता यांचा वाटा ठळक दिसला. विटकरी तांबडा घराला ऊब देतो, दिव्याच्या जाहिरातीतला निळा डोळ्यांत घुसतो. भरताचा निळा आणि सजावटकाराचा निळा यांचं भांडण असं पाहिलं की थोडं निवळतं.

उजेडाबाबत दोन गोष्टी कामाच्या. मंद उजेडात तांबडे रंग आधी काळवंडतात आणि निळे-हिरवे तुलनेने उठून दिसतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं. आणि एलईडीच्या खोक्यावर दोन आकडे असतात. केल्व्हिन म्हणजे उजेडाची छटा: २७०० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. सीआरआय म्हणजे रंग कितपत खरे दिसतील याचा अंदाज. ८० असेल तर घरकामाला पुरतं, पण तांबडे रंग अनेकदा मेल्यासारखे दिसतात. चित्रासाठी ९०च्या वरचा दिवा बघावा. स्वस्त ६५००च्या ट्यूबखाली हळदीकुंकवाचे रंग असलेलं चित्र लावायचं आणि मग ते ‘उठत नाही’ म्हणून चित्रकाराला दोष द्यायचा, हे आपण नेहमी करतो.

घरातल्या चित्राने माणसाला खरंच बरं वाटतं का? १९८४ साली रॉजर उल्रिख यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तो अभ्यास खिडकीचा होता, चित्राचा नव्हे. त्यामुळे ‘हिरवं चित्र लावा, आजार पळवा’ असं त्यातून काढू नये. पण डोळ्यांसमोर काय आहे याने फरक पडतो, एवढं नक्की.

आणि वसईत हे आत्ताच का बोलायचं, त्याचं उत्तरही याच खिडकीत आहे. हरित वसईची चळवळ ज्या हिरवळीसाठी उभी राहिली, ती वाड्यांची, केळींची, फुलशेतीची हिरवळ पश्चिमेकडच्या गावांत अजून आहे. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. त्यातले असंख्य लोक गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळी सोडून इथल्या वन-बीएचकेत आले आहेत. त्यांच्या खिडकीत समोरच्या इमारतीची खिडकी आहे. चाळीत गॅलरी होती, माणसांची ये-जा हेच चित्र होतं. फ्लॅटमध्ये दार बंद झालं की चार भिंती उरतात. त्यांतली एक टीव्हीला जाते, एक कपाटाला, एकीला दारं-खिडक्या असतात. उरली एक. त्या एकीवर काय लावायचं, हा श्रीमंती चोचला नाही.

शिवाय निवड अवघड झाली आहे. मोबाइलवर हजारो चित्रं दिसतात, तीही मागून प्रकाश पडलेल्या काचेवर. कागदावरचं किंवा कॅनव्हासवरचं चित्र स्वतः उजळत नाही, ते खोलीतला उजेड परतवतं. त्यामुळे पडद्यावर लखलखणारं चित्र कुरिअरने घरी आल्यावर मलूल वाटतं. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या कलावंतांकडून किंवा डहाणूकडच्या वारली चित्रकारांकडून थेट घेतलेलं काम या बाबतीत सरस ठरतं, कारण ते हातात धरून, सावलीत नेऊन बघता येतं.

हवेचाही विचार हवा. समुद्राकाठची दमट, खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. बाहेरच्या बाजूची भिंत ओल धरते, आणि फ्रेमच्या मागे बुरशी चढते ती आपल्याला दिवाळीच्या साफसफाईत दिसते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. काचेला कागद टेकू नये म्हणून माउंट लागतो. जलरंग उन्हात उडतात. भावाचं बोलताना या गोष्टी कोरड्या वाटतील, पण डाग पडलेल्या चित्राचा भाव एकच असतो.

आता या पुस्तकाविषयी. ही चित्रकलेची बाराखडी नव्हे आणि गुंतवणुकीचा सल्लाही नव्हे. कुठल्या चित्राची किंमत वाढेल, हे त्यात सापडणार नाही. कुठल्या रंगाने कुठली भावना येते, याचा तक्ताही मुद्दाम दिलेला नाही. भरत आणि सजावटकार यांत इतकं अंतर असताना तो तक्ता कुणाच्या नावावर छापायचा? त्याऐवजी पुस्तक घर फिरवून दाखवतं, खोलीखोलीतून आणि प्रहराप्रहरातून. उदाहरणं शक्यतो आपल्याकडची घेतली आहेत: अल्तार, देवघर, वारली भिंत, कॅलेंडर, भाड्याचं घर, जिथे मालक खिळा ठोकू देत नाही. नवशिक्याला हरकत वाटू नये म्हणून परिभाषा कमीत कमी ठेवली आहे, आणि जाणकाराला कंटाळा येऊ नये म्हणून चित्रांवर मात्र सावकाश थांबलो आहोत.

घरात एकाहून अधिक माणसं असतात, त्यांच्या आवडी भांडतात, हा भागही टाळलेला नाही. सुनेला अमूर्त चित्र हवं, सासऱ्यांना पांडुरंग. दोघांनाही पटेल असं तिसरं, बेचव चित्र आणण्यापेक्षा दोन वेगळ्या भिंती, दोन वेगळे प्रहर वाटून घ्यावेत, अशी या पुस्तकाची भूमिका आहे. सकाळी पूजेच्या वेळची भिंत त्यांची, रात्रीच्या जेवणानंतरची हिची.

वाचकाने पुस्तक कुठूनही उघडावं. फक्त खरेदीचा क्रम आम्ही सांगतो तसा करून पाहावा. आधी आठवडाभर आपण त्या भिंतीकडे केव्हा बघतो, ते लक्षात घ्यावं. मग तिथला दिवा बदलावा. आणि सगळ्यात शेवटी चित्राकडे वळावं. चित्रासाठी दहा हजार बाजूला काढले असतील, तर त्यातले पहिले पाच-सातशे चांगल्या दिव्यावर घालावेत. बऱ्याच घरांत एवढ्यानेच जुनं, अडगळीत टाकलेलं चित्र पुन्हा भिंतीवर चढेल, आणि उरलेले पैसे शिल्लक राहतील.